टी अक्षराचा कप्पा

ब्रिस्टलच्या कोश-कचेरीत मिसेस पूक यांनी चौदा वर्षे चिठ्ठ्या लावल्या आणि त्यांतली एकही वाचली नाही. ही निंदा नव्हे. नाताळच्या जेवणात मुख्य संपादक डॉ. स्ट्रोड दरवर्षी उभे राहून हेच वाक्य बोलत आणि मिसेस पूक लाजून बशीकडे बघत.

चिठ्ठी म्हणजे पोस्टकार्डाएवढा कागद. डाव्या कोपऱ्यात शब्द. त्याखाली तो शब्द जिथे वापरला आहे असे जुन्या पुस्तकातले एक वाक्य. सगळ्यांत खाली पुस्तकाचे नाव, साल आणि पान. निवृत्त कर्नल, गुडघे गेलेले पाद्री आणि भावाच्या घरी राहणाऱ्या अविवाहित बहिणी अशी इंग्लंडभरची शेकडो माणसे कोशासाठी विनामोबदला पुस्तके वाचून या चिठ्ठ्या लिहीत आणि पुडकी बांधून ब्रिस्टलला पाठवत. मिसेस पूक पुडके सोडत, कोपरा बघत आणि चिठ्ठी त्या अक्षराच्या कप्प्यात टाकत.

"वाक्य हे साहेब लोकांचं काम," त्या म्हणत. "माझं काम कोपरा. खाली नजर गेली की हात मंदावतो."

भिंतीवर सव्वीस कप्पे होते. ज्या अक्षराचे काम चालू असेल तेवढा उघडा, बाकीच्यांना जाळीची दारे आणि कुलूप. दाराच्या वर चिठ्ठी आत सरकवण्यापुरती फट. या कुलपामागे इतिहास होता. पूर्वी एका उत्साही सहायकाने 'पी'च्या चिठ्ठ्या सवडीने वाचाव्यात म्हणून घरी नेल्या होत्या आणि त्याच्या बायकोने त्या मुरंब्याच्या बरण्यांवर बांधल्या. इंग्रजी भाषेतले साडेतीनशे शब्द असे गूसबेरीच्या पाकाला लागले. त्यानंतर डॉ. स्ट्रोड यांनी भिंतीवर पाटी लावली: 'वेळेआधी वाचलेली चिठ्ठी म्हणजे हरवलेली चिठ्ठी.'

'ए'पासून 'सी'च्या शेवटापर्यंत यायला अकरा वर्षे लागली होती. 'झेड' कधी येईल याचा हिशोब नव्याने आलेला प्रत्येक सहायक एकदा करी, आणि परत कधी करत नसे.

एडविन टॅपस्कॉट हा त्यांतला सगळ्यांत जुना सहायक. वय बेचाळीस, उंच, किंचित वाकलेला, भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा. एकाच शब्दाचे अर्थ एकमेकांत मिसळले की ते सोडवून रांगेत उभे करायचे, हे त्याचे काम. ते तो फार सुरेख करी. स्वतःच्या बाबतीत मात्र त्याला कुठल्याच गोष्टीचा अर्थ चटकन लागत नसे.

पुडके पोहोचले की पाठवणाऱ्याला छापील पोच जाई आणि त्याखाली टॅपस्कॉट सही करी. फेन प्रांतातल्या सॉल्टबी ड्रोव्ह नावाच्या पाणथळ गावाहून मिस हेस्टर ऑर्पवुड यांची पुडकी येऊ लागली त्याला सात वर्षे झाली होती. या बाईंनी नऊ हजार चिठ्ठ्या लिहिल्या आणि एकाही पानाचा आकडा चुकवला नाही. एकदा टॅपस्कॉटने पोचेखाली सहीबरोबर लिहिले: 'आपले अक्षर वाचताना डोळ्यांना विश्रांती मिळते.' आयुष्यात त्याने कुठल्याही स्त्रीला उद्देशून केलेले हे सर्वांत धाडसाचे विधान. ते पाठवल्यावर तीन दिवस त्याला जेवण गेले नाही. मिस ऑर्पवुड यांचे उत्तर पुढच्या पुडक्याबरोबर आले: 'माझ्या भावाच्या मते ते फार बारीक आहे.'

मग पुढची सगळी वर्षे हे असेच चालले. एका पुडक्यामागे एक ओळ. त्या काळात तिला पुस्तकांतून चालू अक्षराचेच शब्द टिपायला सांगितलेले असल्यामुळे तिच्या चिठ्ठ्या आल्या आल्या टॅपस्कॉटच्या टेबलावर येत आणि तो त्या वाचून काहीतरी लिही. त्यामुळे मिस ऑर्पवुड यांचा असा समज झाला की आपली चिठ्ठी पोहोचते त्याच आठवड्यात वाचली जाते. कप्प्यांचे आणि कुलपांचे त्यांना कोणी सांगितले नव्हते. लपवले होते असे नव्हे. सांगायचे कोणाला सुचले नाही.

अठराशे एकोणनव्वदच्या जानेवारीत डॉ. स्ट्रोड यांनी नवी टूम काढली. अनुभवी वाचकांना पुस्तकाऐवजी एकेक कल्पना वाटून द्यायची. तिच्याभोवतीचे सगळे शब्द, मग अक्षर कुठलेही असो, त्यांनी गोळा करायचे. वाटणी टॅपस्कॉटकडे आली. एका कर्नलला त्याने गटारे व सांडपाणी दिले. मिस ऑर्पवुड यांना दिले 'भेटणे'.

शेजारच्या टेबलावरचा फ्रिप यादी वाचून खुर्चीत मागे रेलला. "भेटणं? टॅपस्कॉट, लेका, हा कोश आहे की लग्नाचं मंडळ?"

"ओळीने आलं ते दिलं," टॅपस्कॉट म्हणाला. ओळीने आले नव्हते.

नमुन्यादाखल त्याने सहा शब्द आणि त्यांतले फरक एका कागदावर लिहून पाठवले. मीट म्हणजे दोघे दोन बाजूंनी येतात ते. एन्काउंटर म्हणजे न ठरवता कोणी समोर येणे. बहुधा नको असलेले. गॅदरिंग म्हणजे पुष्कळांचा मेळावा. इंटरव्ह्यू म्हणजे जिथे एकच माणूस प्रश्न विचारतो. राँदेव्हू म्हणजे ठरलेली जागा. आणि ट्रिस्ट म्हणजे ठरलेली जागा, ठरलेली वेळ, आणि दोघांपैकी एक जण आधीच येऊन थांबलेला.

हा शेवटचा अर्थ त्याने तीनदा खोडून लिहिला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिचे पुडके आले. साठ चिठ्ठ्या. ते बारीक अक्षर वेष्टनावर दिसताच टॅपस्कॉटला बरे वाटले. त्याने पुडके क्षणभर हातात धरले, नियमाप्रमाणे मिसेस पूक यांच्या टोपलीत ठेवले आणि पोच काढली. पोचेवर छापलेले असे: 'आपल्या चिठ्ठ्या पोहोचल्या. प्रत्येक चिठ्ठीची योग्य वेळी दखल घेतली जाईल.' त्याखाली त्याने लिहिले: 'आनंद झाला. ए. टॅपस्कॉट.'

मिसेस पूक यांनी साठ कोपरे बघितले आणि साठ चिठ्ठ्या साठ जागी टाकल्या.

त्यानंतर सॉल्टबी ड्रोव्हहून काही आले नाही. मे गेला, जून गेला. जुलैत टॅपस्कॉटने विचारणा केली. उत्तर भावाचे आले, रेव्हरंड कथबर्ट ऑर्पवुड यांचे, मोठ्या गोल अक्षरात: 'माझी बहीण आता शब्द गोळा करीत नाही.'

टॅपस्कॉटने त्याचा अर्थ लावला. एक, तिचे लग्न ठरले. दोन, तिला कंटाळा आला. तीन, आपली ती ओळ आगाऊपणाची वाटली. तिन्ही अर्थ त्याने रांगेत उभे केले आणि तिसरा सर्वांत खरा ठरवून तो रागावला. तो राग तीन वर्षे टिकला. शांत माणसांचे राग असेच असतात. वापर नसल्यामुळे झिजत नाहीत.

अठराशे ब्याण्णवच्या शरद ऋतूत 'ई'चे काम एन्काउंटरपाशी आले. चौऱ्याहत्तर चिठ्ठ्यांत एक बारीक अक्षरातली निघाली. वाक्य असे होते:

'गेल्या नोव्हेंबरपासून माझा भाऊ आणि त्याच्या कोंबड्या यांखेरीज एकही जीव मला आडवा आलेला नाही.'

खाली लिहिले होते: 'फेनमधील पत्रे, १७७१, पान ४.'

टॅपस्कॉटला हसू आले. वाक्य फक्कड होते. त्याने ते दुसऱ्या अर्थाखाली पहिले ठेवले आणि पडताळणीसाठी लंडनला कळवले. महिन्याने उत्तर आले की 'फेनमधील पत्रे' नावाचे पुस्तक सतराशे एकाहत्तरमध्ये काय, कधीच छापले गेलेले नाही.

"बाईंनी हे मनाने लिहिलं," फ्रिप म्हणाला. "नऊ हजार खरी वाक्यं लिहून कोणालाही एक खोटं लिहावंसं वाटेल. मला तर रोज वाटतं."

"पुस्तक नाही, तर ते वाक्य नाही," टॅपस्कॉट म्हणाला. हा कोशाचा नियम होता आणि त्यानेच तो नव्या सहायकांना शिकवला होता. त्याने चिठ्ठीवर लाल फुली मारली आणि ती बाद चिठ्ठ्यांच्या खोक्यात टाकली. पण जिने एकाही पानाचा आकडा चुकवला नाही तिने अख्खे पुस्तक चुकवावे, हे कुसळासारखे त्याच्या मनात राहिले. त्याने ते काढले नाही. त्याच्यापुढे 'एंड' हा शब्द होता आणि त्याचे चौदा अर्थ होते.

अठराशे पंच्याण्णवच्या मे महिन्यात 'जी' आले. गॅदरिंग. बारीक अक्षर.

'सुगीच्या मेळाव्याला सारे गाव गेले. मी खिडकीतून मोजले. माझ्या खोलीचे कुलूप बाहेरून आहे.'

'फेनमधील पत्रे, १७७१, पान २.'

टॅपस्कॉटने बाद चिठ्ठ्यांच्या खोक्यातून ती लाल फुलीची चिठ्ठी शोधून काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. पान दोन. पान चार. ज्या पुस्तकाला मुळीच पाने नव्हती त्याचे पहिले, तिसरे आणि चारच्या पुढचे पान कुठे असणार हे त्याला आता ठाऊक होते. या खोलीत. सहा वर्षे. जाळीच्या दारामागे.

तो डॉ. स्ट्रोड यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, मला आय, एम, आर आणि टी हे कप्पे उघडायचे आहेत."

डॉ. स्ट्रोड यांनी चष्मा काढला. "आज?"

"एका बाईंच्या जिवाचा प्रश्न असावा."

"कुठल्या शब्दाखाली?"

"ट्रिस्ट. निदान तसं वाटतं."

"ट्रिस्ट!" डॉ. स्ट्रोड यांना खरोखरच वाईट वाटले. माणूस दुष्ट नव्हता. "टॅपस्कॉट, टी एकोणीसशे अकराला. तेही सगळं सुरळीत झालं तर. आज तुमच्यासाठी उघडलं की उद्या फ्रिप क्यू मागेल. तुम्ही थकला आहात. दोन दिवस समुद्रावर जाऊन या."

रविवारी चर्च सुटल्यावर टॅपस्कॉट मिसेस पूक यांच्या दारात गेला. कुलपांची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे. त्याने दोन चिठ्ठ्या पुढे केल्या.

"वाचा."

"मी वाचत नाही हो, साहेब."

"आज वाचा."

मिसेस पूक यांनी कोपरा बघितला. मग नजर खाली नेली. वाचायला त्यांना वेळ लागला, सवय नव्हती. वाचून झाल्यावर त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि किल्ली घेतली.

चार कप्पे उपसायला दुपार गेली. चिठ्ठ्या सापडल्या तशा मिसेस पूक टेबलावर मांडत गेल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोपऱ्यातल्या अक्षराप्रमाणे नव्हे, खालच्या पानाच्या आकड्याप्रमाणे.

मीट, पान १: 'मला भेटायला कोणी येत नाही असे नव्हे, येऊ देत नाहीत. माझी पत्रे उघडून वाचतात. शब्दांच्या चिठ्ठ्या तेवढ्या कंटाळून सोडून देतात.'

दोन आणि चार त्यांनी वाचल्या होत्या.

इंटरव्ह्यू, पान ३: 'भावाने डॉक्टर आणला. त्याने एका तासात मला सतरा प्रश्न विचारले आणि उत्तरे भावाकडून लिहून घेतली. एप्रिल संपला की मला ते एका घरी ठेवणार आहेत. तिथून बायका परत येत नाहीत.'

राँदेव्हू, पान ५: 'ब्रिस्टलचे स्टेशन, मोठ्या घड्याळाखाली.'

ट्रिस्ट, पान ६: 'गुरुवार, पंचवीस एप्रिल, दुपारी चार. या जगात माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे आणि त्याला मी पाहिलेले नाही. मी आधी येऊन थांबेन.'

मिसेस पूक यांनी सहावी चिठ्ठी दोनदा उलटून पाहिली. मागे काही नव्हते. "ही मीच टाकली," त्या म्हणाल्या. "या हाताने. टी तळाच्या ओळीत आहे, वाकावं लागतं."

"तुम्ही तुमचं काम केलंत."

"तेच म्हणते मी."

टॅपस्कॉटने कपाटातून अठराशे एकोणनव्वदची रोजकीर्द काढली. कोणी कुठल्या दिवशी कुठला शब्द केला हे तीत लिहिलेले असे. पंचवीस एप्रिल, गुरुवार. 'टॅपस्कॉट: कॉर्क (बाटलीचे बूच). दिवसभर.' कचेरीपासून स्टेशन चालत दहा मिनिटांवर होते. इंजिनांचा धूर टेबलावरून दिसे आणि चारची गाडी आली की फ्रिप घड्याळ लावी.

बुधवारी तो सॉल्टबी ड्रोव्हला पोहोचला. रेव्हरंड ऑर्पवुड हे गुबगुबीत, हसरे गृहस्थ निघाले. अंगणात कोंबड्या होत्या. त्यांनी टॅपस्कॉटला चहा दिला, केक दिला, आणि बहिणीचे नाव काढताच डोळे पुसले.

"फार हुशार हो आमची हेस्टर. तिथेच घात झाला. डोकं गरजेपेक्षा जास्त चाललं की बायकांना सोसत नाही. कोंबड्यांशी बोलायची."

"आणखी कोण होतं बोलायला?"

"मी होतो की!" रेव्हरंड ऑर्पवुड आश्चर्याने म्हणाले. "आणि मग ते ब्रिस्टलचं प्रकरण. खिडकीतून उतरली, अहो, पस्तिशीतली बाई! पायी स्टेशन गाठलं आणि थेट ब्रिस्टल. तिथे घड्याळाखाली उभी राहिली. गुरुवार उभी, शुक्रवार उभी. स्टेशनमास्तर भला माणूस, त्याने विचारलं, बाई, कोणाची वाट बघताय? तर म्हणे, ठरलंय. पुरावा म्हणून काय दाखवावं? हे बघा, मी जपून ठेवलंय. नक्कल आहे; मूळ ती सोडत नाही."

त्यांनी खणातून कागद काढला. टॅपस्कॉटला तो वाचावा लागला नाही. 'प्रत्येक चिठ्ठीची योग्य वेळी दखल घेतली जाईल. आनंद झाला.'

"एका कचेरीची छापील पोच!" रेव्हरंड ऑर्पवुड म्हणाले. "हिला वाटलं, कोणीतरी भेटायला येतोय. डॉक्टर आधी जरा का-कू करत होते. हा कागद पाहिला आणि तिला तिकडे पाठवायच्या कागदावर त्यांनी लगेच सही केली."

"तो मी लिहिला होता," टॅपस्कॉट म्हणाला.

"अक्षर सुरेख आहे तुमचं. केक घ्या ना आणखी."

बहिणीला ठेवलेले वेड्यांचे इस्पितळ, त्याला विश्रांतिगृह म्हणत, तिथून आठ मैलांवर होते. उंच भिंत, नीट कापलेली हिरवळ, आणि हिरवळीवर कोणी नाही. तिथल्या डॉक्टरांचे नाव पेल. त्यांनी सहाही चिठ्ठ्या शांतपणे, ओळीने वाचल्या, आणि टॅपस्कॉटला वाटले की हा वाचणारा माणूस आहे.

"म्हणजे तुमचं म्हणणं, बाईंचं डोकं ठिकाणावर होतं," डॉ. पेल म्हणाले.

"पूर्ण. पत्रं उघडली जात होती. चिठ्ठ्या उघडल्या जात नव्हत्या. त्यांनी तोच मार्ग घेतला. कोणीही शहाण्या माणसाने घेतला असता."

"हं. हे 'फेनमधील पत्रे'. असं पुस्तक आहे?"

टॅपस्कॉटने आयुष्यात कधी खोटे पुस्तक सांगितले नव्हते. "नाही."

"सतराशे एकाहत्तर?"

"नाही."

"बाईंनी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकातली, शंभर वर्षांपूर्वीची सहा वाक्यं, सहा अक्षरांखाली वाटून, न पाहिलेल्या माणसाला पाठवली. तो येईल म्हणून दोन दिवस घड्याळाखाली उभ्या राहिल्या. आणि हे तुम्ही मला त्यांच्या शहाणपणाचा दाखला म्हणून देता." डॉ. पेल यांचा आवाज मऊ होता. "मिस्टर टॅपस्कॉट, तुम्ही कोशाचे लोक. पुस्तकच नसेल तर वाक्याचं तुम्ही काय करता?"

टॅपस्कॉटने चौथ्या पानाच्या चिठ्ठीवरच्या लाल फुलीकडे बघितले.

"दहा मिनिटं भेटा," डॉ. पेल म्हणाले. "दार उघडं राहील."

मिस हेस्टर ऑर्पवुड खिडकीशी उशीचा अभ्रा शिवत बसल्या होत्या. केस कानापर्यंत कापलेले. टाके त्यांच्या अक्षरासारखेच बारीक. त्यांनी त्याच्याकडे बघितले, मग त्याच्या हातातल्या चिठ्ठ्यांकडे.

"तुमचं अक्षर बुटकं आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, तुम्हीही तसेच असाल."

"मिस ऑर्पवुड, मी..."

"कुठलं अक्षर चालू आहे?"

"जी. नुकतंच लागलंय."

"म्हणजे गॅदरिंग वाचलंत."

"सगळ्या वाचल्या. कप्पे उघडून."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. "नियमाबाहेर?"

"हो."

त्यांनी सुई अभ्र्यात टोचून ठेवली. "स्टेशनवर पहिल्या दिवशी वाटलं, तुम्हाला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी वाटलं, आजारी असाल. इथे आल्यावर विचार करायला सवड मिळाली. एवढ्या चिठ्ठ्या म्हणजे त्या अक्षरवारी लावून ठेवत असणार, आल्या आल्या कोण वाचणार. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. चूक माझी. बोलावलं टीमध्ये आणि वाट बघितली सीमध्ये."

"चूक तुमची नाही. मी तुम्हाला न्यायला आलोय."

"नेता येतं?"

दारात डॉ. पेल उभे होते. टॅपस्कॉटने तिकडे बघितले.

"मग टी कधी?"

अर्थ लावण्यात हयात घालवलेल्या माणसाला इथे एखादा बरा शब्द सुचायला हवा होता. "एकोणीसशे अकरा," तो म्हणाला. "सगळं सुरळीत झालं तर."

"म्हणजे तुम्ही सोळा वर्षं लवकर आलात." त्या हसल्या की नाही हे त्याला पुढे कधीच नक्की सांगता आले नाही. त्यांनी बाहीतून एक मळलेले, घडीवर फाटलेले कार्ड काढले, नीट सपाट केले आणि परत आत ठेवले. "इथे लिहिलंय ना, योग्य वेळी. आधी येऊन थांबणं माझ्याकडे आहे. त्या चिठ्ठ्या परत जागच्या जागी ठेवा, मिस्टर टॅपस्कॉट. बाहेर राहिल्या तर हरवतील."

दारात उभ्या असलेल्या डॉ. पेल यांनी वहीत काहीतरी टिपून घेतले.

त्या उन्हाळ्यात टॅपस्कॉटने बरीच पत्रे लिहिली. न्यायाधीशांना, बिशपना, एका खासदाराला. पत्रांच्या पोचा आल्या, छापील. सॉल्टबी ड्रोव्हहून टोपलीभर अंडी आली. विश्रांतिगृहाने कळवले की पाहुण्यांमुळे बाईंना त्रास होतो, तरी पुन्हा येण्याची तसदी घेऊ नये. कप्पे उघडल्याबद्दल डॉ. स्ट्रोड यांनी त्याला समज दिली, पण कामावरून काढले नाही. 'गेट' या क्रियापदाचे त्र्याण्णव अर्थ दुसऱ्या कोणाला लागले नसते.

चिठ्ठ्या त्याने मिसेस पूक यांच्याकडे दिल्या. त्यांनी त्या एकेक करून जागी ठेवल्या. टीची ठेवायला त्या वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

त्या दिवसापासून मिसेस पूक चिठ्ठ्या वाचू लागल्या. कोपरा, वाक्य, पुस्तक, साल, पान. मग उलटून मागची बाजू. कर्नलच्या सांडपाण्याच्या चारशे चिठ्ठ्याही त्यांनी अशाच वाचल्या, न जाणो. दिवसाला सहाशे चिठ्ठ्या लावणारी बाई ऐंशीवर आली. टोपल्या जिन्यापर्यंत साचल्या. डॉ. स्ट्रोड यांनी समजावले, रागावले, शेवटी नाताळच्या जेवणातले ते वाक्य बंद केले.

"मिसेस पूक, अहो, तुम्ही काय शोधताय?" फ्रिपने एकदा विचारले. थट्टेत नव्हे.

"काही नाही हो, साहेब," त्या म्हणाल्या. "कोणी आलंय का बघते."

नव्या वर्षी डॉ. स्ट्रोड यांनी कामाचा हिशोब परत मांडला आणि वेळापत्रक भिंतीवर लावले. मिसेस पूक यांच्या वाचनाने सगळीच अक्षरे मागे सरकली होती. टॅपस्कॉट पाटीखाली उभा राहून बोटाने ओळ शोधत गेला. टी आता एकोणीसशे एकोणीसला होते.